सायेब, त्यायले सांगा

"सायेब, त्यायले सांगा," असं म्हणून ती डोक्यावरचा पदर दोन बोटं पुढे ओढायची आणि सरपंच म्हणून जे सांगायचं ते खिडकीकडे बघत सांगायची. 'त्यायले' म्हणजे उपसरपंचांना. ते माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेले असत आणि त्यांचे कान उत्तम होते. मी तिथला ग्रामसेवक. तिचं वाक्य उचलून जसंच्या तसं त्यांच्यापुढे ठेवायचं, हे काम माझ्या नेमणुकीच्या हुकमात नव्हतं.

उपसरपंच तिचे भासरे होते, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या वऱ्हाडातल्या जुन्या वळणाच्या घरांत सून भासऱ्यांशी बोलत नाही आणि भासरेही तिच्याशी थेट बोलत नाहीत. मूर्तिजापूरजवळच्या त्या गावात सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, तेव्हा त्यांनी हे सगळं जोखूनच तिला उभं केलं. सही तिची, कारभार आपला. जी समोर तोंड उघडू शकत नाही ती आडवी कशी येणार?

तिनं माझं तोंड वापरायला सुरुवात केली.

"सायेब, त्यायले सांगा, खालच्या पुऱ्यात गोडं पानी पोचून नाही राह्यलं."

गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळे नळाचं गोडं पाणी हाच काय तो आधार. कापसानं सगळ्यांना आडवं केलं होतं, ती वर्षं. पुरुष पारावर गप्प बसून राहायचे आणि खालच्या पुऱ्यातल्या, म्हणजे खालच्या वस्तीतल्या, बाया घागरी घेऊन अर्धं गाव तुडवायच्या. पाणी कुठे जातं ते सगळ्यांना ठाऊक होतं. नळाच्या लाइनीतून जमिनीखालून एक फाटा निघून भासऱ्यांच्या लिंबाच्या बागेत गेला होता. बोलत मात्र कुणी नव्हतं. तुम्ही गावच्या बैठका पाहिल्या असतील, तर ही शांतता तुम्हाला नवी नाही.

तक्रार घेऊन ती अकोल्याला गेली. एकटी, एसटीनं. परत यायला दिवेलागण झाली. आधीचे सरपंच आठ-आठ दिवस अकोल्यात मुक्काम ठोकायचे तेव्हा गाव म्हणायचं, माणसाला मोठी कामं असतात. ही एक संध्याकाळ उशिरा आली तर बाई कुणाच्या गाडीतून उतरली याची चौकशी सुरू झाली. मला त्याची चीड आली होती, अजूनही येते. महिन्याभरात तिच्यावर अविश्वास ठराव आला. कारण काय, तर सरपंच गावाबाहेर फिरतात आणि वडीलधाऱ्यांचा मान ठेवत नाहीत. नवरा भला माणूस. दादाच्या विरोधात मी जाणार नाही आणि तुलाही अडवणार नाही, एवढं बोलून तो वावरात निघून गेला.

ठरावाच्या बैठकीला तहसीलदार आले. सदस्यांत आणखी दोन बाया होत्या, त्यांचे नवरे दाराशी उभे होते. तहसीलदारांनी तिला बाजू मांडायला सांगितली. तिनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं.

"सायेब, त्यायले..."

तहसीलदारांनी तिथंच थांबवलं. ग्रामसेवकाला यात बोलता येणार नाही, काय ते स्वतः बोला, म्हणाले.

आता गप्प बसली तर म्हणणार, हिला बोलताच येत नाही, सरपंच कसली. बोलली तर म्हणणार, पाहा, मान ठेवत नाही. भासरे भिंतीला टेकून निवांत बसले होते.

ती उठली. पदर सावरला आणि मान वळवून थेट त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमाले काय म्हनून हाक मारू, मले मालूम नाही. लग्न होऊन आली तवापासून कदी मारलीच नाही. पन गावाचं पानी तुमच्या वावरात काहून जाते, ते सांगा."

तहसीलदारांनी विचारलं असतं तर भासऱ्यांनी हसतहसत सगळं नाकारलं असतं, त्या कामात ते तरबेज होते. पण समोर घरची सून उभी होती आणि तिच्याशी थेट बोलायला त्यांची जीभ वळेना. ते माझ्याकडे वळले.

"सायेब, तिले सांगा, आपल्या वावरातली इहीर खारी हाये. लिंबाची झाडं मरू द्याची काय?"

घरच्या बाईला दटावताना माणूस सावध नसतो. तहसीलदारांनी शांतपणे पेनाचं टोपण काढलं.

हात वर करायची वेळ आली तेव्हा त्या दोन बायांनी आधी दाराकडे पाहिलं, मग हात उचलले. ठराव पास झाला. तिनं मला नमस्कार केला आणि ती निघून गेली. मला फार वाईट वाटलं, ते कुणाला सांगायची सोय नव्हती. पुढे तहसीलच्या माणसांनी येऊन बागेतला फाटा तोडला. तिच्या जागी त्या दोघींपैकी एकीला बसवलं. नवी सरपंच फार चांगली निघाली, असं गाव म्हणायचं. ती बैठकीत एक शब्द बोलत नसे.

माझी बदली झाली तेव्हा निघताना मी मुद्दाम खालच्या पुऱ्यातून गेलो. नळाला पाणी होतं. अरुंद गल्लीत मधोमध घागर लावून आमची जुनी सरपंच उभी होती. तेवढ्यात भासरे मोटारसायकलवर आले. बाकीच्या बाया भिंतीकडे सरकल्या. हिनं पदर पुढे ओढला, पण जागची हलली नाही.

भासऱ्यांनी मला पाहिलं. "सायेब, तिले सांगा, गाडी जाऊ दे म्हना."

मी सांगायला तोंड उघडलं.

"घागर भरू द्या," ती त्यांच्याकडे बघून म्हणाली. "मंग जा."

भासऱ्यांनी मोटारसायकल बंद केली आणि पाय टेकवून ते थांबले. नळाची धार बारीक होती.