बाळंतिणीची संत्री

परवा उमरग्याच्या बाजारात शेजारच्या माणसानं संत्रं सोललं आणि सालीचा तो झणझणीत वास नाकात शिरला. लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तीस वर्षं झाली. बायको पहिल्या बाळंतपणाला मुरूमला माहेरी होती. तिच्या अंगात रक्त कमी होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मला बजावलं, "सोबत संत्री खाऊ द्या. त्यातल्या सी जीवनसत्त्वानं गोळी अंगी लागते." मी रुबाबात सहा संत्री घेऊन सासुरवाडीला गेलो.

ओसरीवर चहा देता देताच सासूबाईंनी पिशवी अडवली. "जावईबापू, शिकलेले ना तुमी? बाळंतिणीला संत्रं? लई थंड असतंय. दुधातून लेकराला सर्दी हुईल. तुमीच खावा."

डॉक्टरांचं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण पाठीला लोड, हातात चहा. जावयाचा एवढा मान कोण घालवणार? "व्हय, खरंय," म्हणालो आणि तिच्यासाठी आणलेली संत्री ओसरीवर बसून एकामागून एक खात सुटलो. अंगणात बिया थुंकत वर "गोड हायत" असं प्रशस्तिपत्रही दिलं! सासूबाई निदान नातवासाठी भांडत होत्या. मी कुणासाठी गप्प बसलो?

पाचवं सोलत होतो, तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "आवं, निदान साली तरी द्या आत. वास घेते."

सहावं संत्रं पिशवीत तसंच होतं. मी उठलो आणि साली नेऊन दिल्या.