एस्पोझितो म्हणजे कुठले एस्पोझितो?

मुलगा बघायला जायचं होतं. वधूपित्याने मुलगा बघायला जाण्याची पद्धत आमच्या सटाण्याकडे जुनीच आहे. फक्त त्यासाठी अख्खं वाळवंट आडवं ओलांडावं लागेल असं जुन्या लोकांनी सांगून ठेवलं नव्हतं.

मी अल खर्जला असतो. रियाधच्या दक्षिणेला, जिथे वाळवंटात गायी पाळतात. एका डेअरीत शीतगृहाची यंत्रं सांभाळतो. बायको मंगल नाशिकला. मुलीचं शिक्षण सुरू झालं तेव्हा ‘दोन-चार वर्षांचा प्रश्न आहे’ म्हणून ती तिकडे गेली. ती मुलगी, मुक्ता, आता थुवालच्या विद्यापीठात प्रवाळांवर संशोधन करते. थुवाल म्हणजे जेद्दाच्या वर, तांबड्या समुद्राच्या काठी. बापलेक एकाच देशात राहतो असं नातेवाईकांना वाटतं. नकाशा उघडायचे कष्ट नातेवाईक घेत नाहीत.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. “बाबा, देअर इज समवन. दाविदे एस्पोझितो. इटालियन आहे. तू येऊन भेट, मग आईला सांग.”

मी आईला आधी सांगितलं. लग्न टिकवायचं तर क्रम पाळावा लागतो.

“एस्पोझितो म्हणजे कुठले एस्पोझितो?” मंगलने विचारलं.

हसू नका, हा प्रश्न तुम्हीही विचारला असता. समोरच्याने नुसतं ‘जोशी’ किंवा ‘देशमुख’ म्हणून थांबलेलं आपल्याला सहन होत नाही. कुठले, हे कळलं की पाच मिनिटांत आपण त्याच्या आत्याच्या दिरापर्यंत पोचतो. या ‘कुठले’च्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. आपण सुशिक्षित असल्यामुळे तो तोंडाने विचारत नाही.

संध्याकाळपर्यंत मंगलने इंटरनेटवरून या आडनावाच्या नामवंतांची यादी शोधून मला पाठवली. फुटबॉलपटू तर एवढे, की सामना लावता येईल. शिवाय नट, गायक, बर्फावर हॉकी खेळणारे, राजकारणी, एक तत्त्वज्ञ.

“यातले त्याचे कोण कोण, ते नीट विचारा. तत्त्वज्ञ जवळचा असला तर उत्तम. गायक चालेल. आणि घरात कुणी माफिया नाही ना, तेही आडून विचारा.”

“आडून कसं विचारतात?”

“तुम्हाला नाहीच जमणार,” ती म्हणाली. “पण अहो, माझं मन मानलं पाहिजे. काही धागाच लागला नाही तर मी हो म्हणणार नाही. मुलगी परक्या मुलखात द्यायची म्हणजे मागे कुणीतरी दिसायला नको?”

मुक्ता आईच्या होकाराशिवाय लग्न करणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. आई हो म्हणणार नाही, हेही आता कळलं. म्हणजे त्या बिचाऱ्या पोराचं सगळं भवितव्य मी कुठल्या एस्पोझितोचा धागा लावून आणतो यावर आलं.

पहाटेच्या अजानीबरोबर निघालो. सोबत बर्फाच्या पेटीत श्रीखंड. आखातातल्या मराठी माणसाचं श्रीखंड लबनेचं असतं. इथलं हे दही आयतंच घट्ट मिळतं, नुसती साखर-वेलची घोटायची. चक्का टांगायचा त्रास अरबांनी परस्पर केलेला असतो.

जाणाऱ्यांसाठी माहिती: रियाध ते ताइफ रस्ता सरळ आहे. इतका सरळ, की स्टीअरिंग नुसतं धरायला दिलंय असं वाटतं. वेग सांभाळा, कॅमेऱ्यांना भावना नसतात. पेट्रोल महाग झालं म्हणून इथले लोक कुरकुरतात. आपण सहानुभूतीने मान हलवावी आणि टाकी फुल करावी. पंपावर बुफिया म्हणून टपरीवजा हॉटेल असतं. तिथे मल्याळी माणूस पराठ्यात अंडं गुंडाळून देतो आणि कडक दुधाळ करक चहा. दोन्ही मिळून दहा रियालच्या आत.

“किधर जाता, साब?” चहावाल्याने विचारलं.

“थुवाल. लडकी के लिए लडका देखने.”

“फॅमिली साथ में नहीं?”

“फॅमिली के पास ही जा रहा हूँ.”

त्याने चहात साखर जरा जास्तच टाकली. त्याचीही फॅमिली कुठेतरी दूर असणार. इथे या विषयावर फार बोलायचं नसतं.

पुढचे कित्येक तास मी, उंटांपासून रस्ता वाचवणारं कुंपण, आणि मनातल्या मनात मुलाखत. ‘ते तत्त्वज्ञ तुमचे कोण?’ ‘काका.’ ‘सख्खे?’ मोठ्याने बोलूनही बघितलं. गाडीत मी बराच बोलतो. घरीही बोलतो. अल खर्जला माझ्या खोलीत शेवटचा बाहेरचा आवाज एसी दुरुस्तीवाल्याचा होता. तो बोलला, “खलास, गॅस भर दिया.”

ताइफ उंचावर आहे, हवा गार, गुलाबांसाठी प्रसिद्ध. दीडशे रियालमध्ये स्वच्छ खोली मिळाली. काउंटरवरच्या सुदानी माणसाने ठरलेला प्रश्न विचारला, “फॅमिली की बॅचलर?” लग्नाला तीस वर्षं होत आली, तरी या देशात मी बॅचलर आहे. इकाम्याचं, म्हणजे इथल्या निवास-परवान्याचं कार्ड पुढे केलं. गच्चीवर बसून एकट्याने अर्धी कोंबडी आणि भात खाल्ला. शेजारच्या टेबलावरचा सौदी बाप पोरांना ‘यल्ला, यल्ला’ म्हणत भरवत होता आणि पोरं त्याला अजिबात जुमानत नव्हती. मी उगाचच बराच वेळ बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी अल हदाचा घाट उतरलो. वळणं सुंदर आहेत आणि कठड्यावर माकडं बसलेली असतात, केसाळ, मोठ्या साहेबासारख्या चेहऱ्याची. काच खाली करू नका. पुढे मक्केची हद्द येते. मुस्लिमेतरांसाठी वेगळा रस्ता पाटीवर स्पष्ट लिहिलेला आहे, तो निमूट पकडा. मग जेद्दाची गर्दी उजवी-डावीकडे ढकलत उत्तरेला आणखी तासभर, की थुवाल.

विद्यापीठ झगमगीत आहे, पण आत जायला परवाना लागतो. म्हणून मुक्ताने गावातल्या मासळीच्या हॉटेलात बोलावलं होतं. इथे बर्फावर मांडलेला मासा आपण निवडायचा, तो किलोवर तोलतात आणि तळून भातासोबत पुढ्यात आणतात. आम्ही नाजिल घेतला, ठिपक्यांचा लालभडक मासा. त्याला खायचं की सजवायचं असा प्रश्न पडतो.

दाविदे उठून उभा राहिला. सडपातळ, अकाली विरळ केस, समुद्रावर करपलेलं नाक. त्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून घातला होता. तो मुक्ताने घालायला लावला असणार, कारण तो सारखा तिच्याकडे बघून बटण चाचपत होता.

मासा येईपर्यंत मी दम धरला. मग खिशातून फोन काढला आणि यादी त्याच्यापुढे धरली.

“बाबा, नो,” मुक्ता म्हणाली. “तू हे खरंच आणलंस?”

“आईने पाठवलंय.” मी इंग्रजीत दाविदेला विचारलं, “यातले तुमचे कोण?”

त्याने यादी वरून खालपर्यंत मन लावून वाचली. “हा गोलकीपर मला आवडायचा,” तो म्हणाला. “पण माझं कुणीच नाही.”

“लांबचं?”

“लांबचंही नाही.”

“बाबा, त्यांच्याकडे एस्पोझितो म्हणजे आपल्याकडचे पाटील,” मुक्ता मध्ये पडली. “कुठेही सापडतात.”

“पाटलांनासुद्धा कुठले पाटील ते विचारतातच,” मी म्हटलं.

दाविदेला तिने याचं भाषांतर करून सांगितलं. तो हसला नाही. त्याने हातातला काटा-चमचा बाजूला ठेवला. “हिने तुम्हाला सांगितलं नाही? या आडनावाला ‘कुठले’ नसतंच.”

मग त्याने सांगितलं. नेपल्समध्ये एका मोठ्या चर्चच्या अनाथालयाला भिंतीत एक खिडकी होती. खिडकीत लाकडी चाक. ज्या बाईला मूल ठेवून घेणं शक्य नसे, ती ते चाकात ठेवी, चाक आत फिरवी आणि घंटा वाजवी. पलीकडच्या नन मूल उचलून घेत. कुणी ठेवलं ते दिसू नये म्हणून चाक. अशा मुलांना पिढ्यान्‌पिढ्या एकच आडनाव मिळत गेलं, एस्पोझितो. बाहेर ठेवलेलं.

“म्हणजे हे सगळे,” त्याने फोनवर बोट ठेवलं, “फुटबॉलवाले, गाणारे, तत्त्वज्ञ. प्रत्येकाच्या मागे जात राहिलात, की बहुतेक वेळा शेवटी एक चाक आणि एक बाळ. प्रत्येकाचं वेगळं. आम्ही घराणं नाही, आम्ही रांग आहोत.”

माझ्या घासात काटा आला होता. तो काढायच्या निमित्ताने मी खाली बघितलं.

“आता घरी कोण असतं?”

“वडील लहानपणी गेले, आई तीन वर्षांपूर्वी. आमच्या गावात अंत्यविधीला पाद्री एस्पोझितो, फुलवाला एस्पोझितो, नोंद करणारा कारकून एस्पोझितो. मी सगळ्यांशी हात मिळवले. नातेवाईक मी एकटाच होतो.”

मुक्ता त्याच्या ताटात मासा वाढत होती. काटे काढून. तिच्या आईने माझ्या ताटात असे काटे शेवटचे कधी काढले ते मी आठवत बसलो, आणि मग आठवणं सोडून दिलं.

“तुम्ही कुठले?” त्याने मला विचारलं. मुक्ताकडून प्रश्न शिकून घेतला असावा.

मी सवयीने तोंड उघडलं. सटाण्याचे. पण सटाण्याचं घर चुलतभावाकडे गेलं. गेल्या खेपेला दोन दिवस राहिलो तर गल्लीतले म्हणाले, काय सौदीवाले, परत कधी? नाशिकला फ्लॅटमध्ये माझ्या कपाटात मंगलच्या गाद्या आहेत. अल खर्जला कफीलची, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाची मर्जी आणि दरवर्षी इकाम्याची मुदत. शेवटी म्हटलं, “मूळचे सटाण्याचे.” आणि ‘मूळचे’ हा शब्द किती सोयीचा आहे हे माझं मलाच कळलं.

मग श्रीखंड काढलं. मुक्ताने “ओ माय गॉड, लबनेवालं!” म्हणत डबाच ओढला. दाविदेने बोटाने चाटून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग चमचा घेतला.

धक्क्यावर मच्छीमार जाळी धूत होते. निरोप घेताना मी आपलं नेहमीचं म्हटलं, “या एकदा घरी.” आपण हे म्हणतो. समोरचा ‘हो हो, नक्की’ म्हणतो. दोघेही सुटतात. गेली कित्येक वर्षं मी हे रियाधच्या मराठी मंडळात बँकवाल्यांना, डॉक्टरांना, सगळ्यांना म्हणत आलोय. अल खर्जला अद्याप कुणी आलेलं नाही.

या माणसाने फोन काढला, कॅलेंडर उघडलं आणि विचारलं, “कुठल्या शुक्रवारी?”

मुक्ता माझ्याकडे बघत होती. तिला ‘या एकदा’चा अर्थ ठाऊक आहे. ती आमच्यातच वाढली आहे.

“पुढच्या,” मी म्हटलं.

परतीच्या रस्त्यात मंगलचे फोन येत राहिले. उचलले नाहीत. गाडी चालवताना बोलू नये, दंड होतो. पंपावर थांबलो तेव्हाही उचलले नाहीत, तिथे दंड नसतो तरी. धागा लागला नव्हता. लागणारच नव्हता. हे तिला कसं सांगायचं, ते साऱ्या वाळवंटभर जमलं नाही.

घरी येऊन श्रीखंडाचा डबा विसळला. तो रिकामा होता. पुढच्या शुक्रवारसाठी उशी, ताट, पेला, सगळं दुप्पट-तिप्पट लागणार. मग फोन लावला.

“मग? कुठले?” तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. खिडकी, चाक, घंटा.

“अहो,” ती म्हणाली. “घंटा आई स्वतःच वाजवायची?”

“हो.”

“आणि वाजवून लगेच जायची? की कुणी उचलतंय का ते ऐकायला थांबायची?”

“ते मी विचारलं नाही.”

“तुम्ही नको ते विचारता आणि हवं ते विचारत नाही.” नाक ओढल्याचं ऐकू आलं. “श्रीखंड खाल्लं का त्याने?”

“डबा चाटला.”

“साखर कमीच घातली असेल तुम्ही.” ती नेहमीच्या सुरात आली. मंगलचा होकार असाच येतो, कामाच्या यादीतून. “बरं, पत्रिकेत त्याच्या नावापुढे ‘राहणार’ म्हणून काय घालायचं? रिकामं दिसेल ते. लोक विचारतील.”

“अल खर्ज घाल.”

“अहो, ते तुमचं गाव.”

तुमचं, म्हणाली. आपलं नाही. एवढ्या वर्षांत अल खर्जला कुणी माझं गाव म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तेही असं.

“हो,” मी म्हटलं. “गावात मी एकटाच आहे. एक जण वाढला तर चालेल.”