सहा आसरा आणि आमची ताई

साताऱ्याहून सकाळी सहाच्या बसने निघाले ती ताईशी भांडायच्या तयारीनेच. पिशवीत नारळ, खण, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू. गिरगावात फणसवाडीतली आमची जुनी चाळ आता पाडणार, विहीर बुजवणार, ही बातमी ताईनेच फोनवर दिली होती. वर "उगाच धावत येऊ नकोस" अशी सूचना. म्हणून धावत आले.

भानगड अशी, की मी पाच वर्षांची असताना त्या विहिरीवर मला आसरा (पाण्यातल्या देवता, पऱ्या म्हणा हवं तर) दिसल्या होत्या. चैत्रातली दुपार, वाडी झोपलेली. कठड्यावर हिरव्या ओल्या लुगड्यांतल्या सहा बायका केस वाळवत बसल्या होत्या. एकीने माझ्याकडे बघून हात केला. घरी आले तर माझ्या वेणीत सुरंगीचा वळेसर (गजरा). "कुणाच्या परडीतून चोरलास?" म्हणत आईने बदडून काढलं. मी आसरांचं सांगितलं तर सगळे हसले, कारण आसरा सात असतात. साती आसरा! थाप मारायची तीही धड नाही. नऊ वर्षांची ताई सोबतच होती. ती म्हणाली, "मला नाही बाई काही दिसलं." तेव्हापासून घरात मी चोरटी आणि थापाडी. पन्नास वर्षं झाली. मला ताईकडून एकदाच खरं ऐकायचं होतं.

दादरला उतरून प्रभादेवीला ताईकडे गेले. दारातच तिने पिशवीत डोकावून पाहिलं. "बँकेत पस्तीस वर्षं काढली मी. आणि आता तुझ्याबरोबर दगडांची ओटी भरू?"

"तू नुसती उभी राहा," मी म्हटलं.

टॅक्सीत बसल्यापासून तिचं सुरू. काच खाली घे, धूळ येते. काच वर घे, गुदमरतंय. गिरगावात शिरताच टॅक्सीवाल्याने गाडी थांबवली. "आगे खोदके रखा है, यहीं उतरो." भर उन्हात चालताना माझी पिशवी फाटली आणि नारळ घरंगळत हातगाडीखाली गेला. मी रस्त्यावर ओणवी, आणि आमच्या ताई पलीकडच्या दुकानातल्या साड्या बघताहेत. जणू मी कुणी परकीच! मग एका जुन्या खानावळीत थालीपीठ आणि पियूष घेतलं. थालीपीठ खमंग होतं. ताईच्या मते तेलकट. दीड थालीपीठ खाऊन मग तेलकट!

वाडीत विहीर होती, पण वर लोखंडी जाळी, बाजूला पंप आणि कठड्याला टेकवलेली स्कूटर. तिच्यामागे शेंदूर फासलेले सात गोटे. रखवालदार काका साठीचे, मालवणकडचे. ओटीचं सामान बघताच त्यांनी स्वतःहून स्कूटर सरकवली. "बरां केलास बाये. आता कोण येता?" (बरं केलंस बाई, आता कोण येतं?)

मी ओटी भरली. काकांनी आस्थेने विचारलं, तर मी सगळं सांगून टाकलं. तेही हसलेच. "त्यो सात असतत गे. सहा कशो दिसतल्यो?"

मी तोंड उघडणार, इतक्यात मागून ताई करवादली, "अहो, हिला सहाच दिसणार! सातवी हिच्या मागे उभी होती. वेणीत वळेसर माळत होती."

काकांनी हात जोडले. माझ्या हातातला कुंकवाचा करंडा खाली पडला.

"ताई, तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"विहिरीवर जायचं नाही अशी आईची ताकीद होती. तुला मीच नेलं होतं. मला मार पडला असता."

"म्हणून मला पडू दिलास?"

"तू लहान होतीस. लहानांना कमी मारतात."

आता या बाईला काय म्हणायचं? मी रडत होते की ओरडत होते, आठवत नाही. ताई खाली बसून सांडलेलं कुंकू पदराने गोळा करत होती आणि पुटपुटत होती, "चुकलं माझं. चुकलं गं सुमे."

परतीच्या बसमध्ये लोणावळ्यापर्यंत मी धुमसत होते. आई जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटपर्यंत शेजारची फुलं आणायला तिने मला कधी पाठवलं नाही, ताईलाच पाठवायची. तिला आता कोण सांगणार?

ताईवरचा राग हळूहळू उतरेलही, बहीणच आहे. पण साताऱ्याला उतरले तरी माझा स्वतःवरचा राग काही जाईना. माझ्या वेणीला त्या सातवीचे हात लागत होते, आणि मी मूर्ख समोरच्या सहा जणींकडे बघत बसले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.