ह्यांच्या हनुवटीचा पट्टा

स्वतःची फजिती स्वतःच्या हाताने करून घेतलेली बाई पाहायची असेल तर लांब जाऊ नका, तुमच्यासमोर बसली आहे. चहा घ्या, सांगते. हसा खुशाल, पण मधेच उठून जाऊ नका.

आमचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात आणि धंदा फुलांचा. हे पहाटे तीनला उठून फुलांच्या हर्रासीला, म्हणजे लिलावाला, जातात, म्हणून रात्री आठलाच आडवे होतात. मी मात्र त्याच खोलीत अकरापर्यंत हार गुंफत बसते. अठ्ठावीस वर्षं असंच चाललंय.

तर काय झालं, माझ्या मोबाइलवर घोरण्याच्या जाहिराती यायला लागल्या. भजन लावलं की घोरणं, भरल्या वांग्यांची रीत पाहायला गेलं की घोरणं. नाकाला लावायची चिमटी, घोरणं थांबवणारी उशी, हनुवटीला बांधायचा पट्टा. मी तर असलं काही कधी शोधलं नव्हतं. मग जाहिराती आल्या कुठून?

शेजारच्या मंदाताईंनी जागच्या जागी निकाल दिला. "फोन सारं ऐकते बाई. माहा कुकर बिघडला म्हून मी नुसती बोलली, तर संध्याकायी फोनवर कुकरच कुकर."

म्हणजे रात्री आमच्या खोलीत कोणीतरी घोरत होतं आणि उशाजवळचा मोबाइल ते ऐकत होता. खोलीत माणसं दोन. मी घोरत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. घोरत असते तर मला ऐकू आलं नसतं का? राहिले हे.

आता खरं सांगायचं तर ह्यांचं घोरणं मीही कधी ऐकलं नव्हतं. रोज तीन तास त्यांच्या शेजारी जागी बसते, तरी नाही. पण म्हटलं, माझे कान साधे, कंपनीची मशीन मोठी. माझ्याशी खोटं बोलून तिला काय मिळणार?

"अहो, तुमी घोरता," मी चहा देताना ह्यांना सांगून टाकलं.

"कोन म्हनते?"

"फोन म्हनते."

ह्यांनी चहा बशीत ओतून एक फुरका मारला. मग म्हणाले, "असंन मंग."

त्याच दिवशी मी पट्टा मागवला. हे रोज तो हनुवटीपासून टाळूपर्यंत बांधून, दाढ दुखणाऱ्या माणसासारखे झोपू लागले. महिनाभर. एका शब्दाने तक्रार नाही. मी मंदाताईंना सांगितलं आणि मंदाताईंनी गल्लीला. हर्रासीत लोक ह्यांच्या पट्ट्याची चौकशी करू लागले, तरी हे रात्री पट्टा बांधायचेच.

अशात आमच्या पल्लवीच्या सासरहून, अचलपूरहून, बोलावणं आलं. त्यांनी नवं घर बांधलं होतं, वास्तूला मुक्कामी या म्हणे. लेकीच्या लग्नाला वर्षही झालेलं नाही. तिथे तिचा बाप घोरला तर जन्मभर टोमणे कोण ऐकणार? पल्लवीच ना? एस.टी.त बसायच्या आधीच मी विहीणबाईंना फोन लावला.

"ईनबाई, राग नका मानू, पन यांचं अंथरून जरा दूर टाकजा. लय घोरते मानूस."

"काई काळजी करू नका," बिचाऱ्या म्हणाल्या.

ह्यांना मागच्या पडवीत, ट्रॅक्टरच्या बाजूला खाट मिळाली. आमची सोय मानाने आतल्या खोलीत. मी, विहीणबाई, त्यांच्या दोन जावा, पल्लवी आणि तिची नणंद.

सकाळी मला झकास जाग आली. बाकी बाया माझ्या आधीच उठून स्वयंपाकघरात बसल्या होत्या. सगळ्यांचे डोळे लाल.

"झोप लागली ना, ईनबाई?"

"लय मस्त. तुमची?"

"आमची झाली... थोडी."

धाकटी जाऊ तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मी काय समजायचं ते समजले. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरातरा पडवीत गेले. हे खाटेवर बसून पट्ट्याची घडी घालत होते.

"पट्टा नीट बांधता येत नाई तुमाले? इतक्या दुरून आवाज आला. घरातल्या साऱ्या बायांची झोप मोडली. लेकीचं नाक कापलं तुमी."

माझ्या मागोमाग पल्लवी आली होती. "आई, बाबाले काहून बोलून राहिली? रातभर तूच घोरत होती."

"मी? मंग फोन काय खोटं बोलते?"

पल्लवीने कपाळाला हात लावला. आमचे दोन्ही मोबाइल तिनेच चालू करून दिले होते. "आई, तुमचं दोघाचं खातं एकच हाय. एकानं काई शोधलं की जाहिराती दोघाच्याई फोनवर येतात. तू घोरण्याचं शोधलं नाई ना? मंग..."

आम्ही दोघींनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पट्ट्याची घडी आणखी बारीक करू लागले. पल्लवीने त्यांचा मोबाइल घेतला आणि वाचलं, "बायको घोरते, तिले न सांगता उपाय."

"मी तीनले उठतो, तवा ऐकू येते," हे खाली मान घालून म्हणाले. "तुले सांगतलं असतं तर वाईट वाटलं असतं."

"अन् महिनाभर पट्टा काहून बांधला मंग?"

"तू एवढ्या हौसेनं मागवला."

फुलांचा धंदा असून ह्या माणसाने मला आजवर एक गजरा आणलेला नाही. पण त्या ट्रॅक्टरपाशी उभ्या उभ्या मला ह्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की डोळे पुसायला पदर पुरेना.

आता पट्टा मी बांधते. तीनला उठल्यावर हे तो हळूच सारखा करून मग हर्रासीला जातात, असं हेच सांगतात. मला कसं माहीत असणार?

परवा पल्लवीचा फोन आला. तिच्या नणंदेचं लग्न ठरलंय आणि विहीणबाईंनी आम्हाला चार दिवस आधीच बोलावलंय, अगदी आग्रहाने. फक्त त्यांच्या मोबाइलवर आजकाल कानात घालायच्या बोळ्यांच्या जाहिराती येऊन राहिल्यात म्हणे. त्या कुठून आल्या, हे ह्या वेळी मी मंदाताईंना विचारलं नाही.