रजिस्टरात लिहिण्याआधीच आलेली ओळ

सर्वांना जय भीम, नमस्कार. या पानावरचे अनुभव मी दुपारी भांडी झाली की वाचते, आणि खरं सांगू, बऱ्याचदा हसतेच. आमच्या घरात देव्हारा नाही, अंगारा नाही, अमावस्या-पौर्णिमेचं काही नाही. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हाच भूत-भानामती सगळं गावाबाहेर सोडून आले होते. कोणी म्हटलं, मले चिंचेखाली बाई दिसली, तर मी विचारायची, तुले पाहून भ्याली असंल ना थे? अशी मी. आणि आता मीच लिहायला बसले...

आधी गौतमचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गौतम माझा धाकटा भाऊ. माहेर आमचं आसेगाव. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवला. ऐन अठ्ठाविशीत त्याचं डोकं बिनसलं. बोलायचा नाही, नुसता चालत सुटायचा. बावीस वर्षांपूर्वी त्याला अकोल्याच्या डॉक्टरकडे न्यायला निघाले. वाशीम स्टेशनवर बाकावर बसवलं, पाणी घेऊन येते म्हटलं. परत आले तर बाक रिकामा. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. सगळ्यांना मी सांगितलं, दोन मिनिटांत नजर चुकवून गेला.

दोन मिनिटं नव्हती ती. नळावर माहेरची मैत्रीण भेटली आणि मी बोलत उभी राहिले. चांगला अर्धा तास. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, पोराला नाही, कोणालाच नाही. बावीस वर्षं पोटात ठेवलं.

आता माझी सून, प्रज्ञा. आम्ही वाशीमला राहतो, स्टेशनकडच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर. प्रज्ञा घरूनच कॉम्प्युटरवर काम करते, वेगवेगळ्या वेबसाईटवरची माहिती गोळा करून कंपनीला द्यायची. मी एकदा विचारलं, नेमकं करतेस काय? ती म्हणाली, "आई, निंदायले दहा बाया लावल्या तं पिकाच्या दहा ओळी एकदम चालते ना? तसे हे दहा थ्रेड. एकेक थ्रेड एकेक साईट वाचून राह्यला." आणि एकाच पत्त्यावरून सारखं विचारलं की साईट दार लावून घेते. म्हणून दरवेळी दुसऱ्या पत्त्यावरून विचारायचं, जसं दर खेपेला दुसऱ्या गावची बाई पाठवावी. ते पत्ते म्हणजे प्रॉक्सी. तिच्याकडे त्यांची यादी असते, सॉफ्टवेअर त्यातून एकेक फिरवत राहतं.

तिनंच सुचवलं. बेवारस सापडलेल्या माणसांना ठेवणाऱ्या संस्था आपल्या साईटवर नोंदी टाकतात, कुठे फोटो, कुठे नुसतं वर्णन. माणसानं एकेक उघडायची तर जन्म जाईल. आपण लावून पाहू. मी म्हटलं, पाह्य बाई, मले आता आशा नाही. पण तिनं लावलं. हळूहळू, त्या गरीब संस्थांच्या साईटवर भार नको म्हणून रात्रंदिवस न चालवता सकाळचे दोन तास.

मागच्या फेब्रुवारीतला मंगळवार. साडेअकरा झाले असतील. मी तुरीची डाळ निवडत होते. प्रज्ञानं आतून हाक मारली, पण आवाज वेगळाच. गेले. पडद्यावर ओळींची यादी, आणि एका ओळीवर तिनं बोट ठेवलेलं. तिनंच वाचून दाखवली, कारण माझा चष्मा बाहेर राहिला होता...

"नाव गौतम. वय अंदाजे पन्नास. गाव आसेगाव. नातेवाईक, बहीण. ती पाणी आणायला गेली आहे. कोणाशी तरी बोलत उभी असेल, येईल."

मी ती ओळ तिला पुन्हा वाचायला लावली. आणि मग, लाज वाटते सांगायला, मी त्या पोरीवर खेकसले. म्हातारीची थट्टा करतेस? कोणी सांगितलं तुले? ती बिचारी रडकुंडीला आली. "काय सांगितलं, आई? मले तं कायच माईत नाही." तेव्हा ध्यानात आलं. सांगणार कोण? माहीत फक्त मला होतं. तिथं, त्या खुर्चीला धरून, मी तिला तो अर्धा तास सांगितला. तिनं पाण्याचा गिलास तेवढा हातात दिला.

संस्था कोकणातली, एका लहान गावाबाहेरची. बुधवारी सकाळी फोन केला. तिथले कारकून सज्जन, दोनदा रजिस्टर पाहून आले. असा कोणी माणूस इथे नाही, कधी नव्हता. साईटवर पाहिलं, तिथंही नाही. प्रज्ञानं ते पान पुन्हा वाचायला लावलं, ती ओळ आलीच नाही. मिलिंद, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला, "सोडून दे माय, कुठूनतरी कचरा आला असंल." मी दोन दिवस जेवले नाही धड.

शनिवारी त्याच कारकुनाचा फोन.

"आजी, तुम्ही बुधवारी ज्याची चौकशी केली होती..." रजिस्टराचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "काल संध्याकाळी पोलिसांनी एकाला आणून सोडलं. मी आत्ता नोंद केली. आजी, तुम्हाला बुधवारी कसं माहीत होतं?"

मी म्हटलं, आधी ते पान पाठवा. त्यानं रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला. निळ्या शाईत, हातानं लिहिलेलं. प्रज्ञानं मंगळवारची ओळ शेजारी ठेवली. शब्दाला शब्द. 'कोणाशी तरी बोलत उभी असेल, येईल.' साईटवर तर ते अजून चढलंच नव्हतं.

आम्ही तिघं गेलो. व्हरांड्यात बाकावर बसला होता. केस पांढरे, पाय सुजलेले, पण मान तशीच एका बाजूला. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यानं वर पाहिलं आणि विचारलं, "झालं बोलून?"

हातातली पाण्याची बाटली मी त्याला दिली आणि त्याच्या शेजारी बाकावर बसले.

आता तो घरीच आहे. औषधं चालू आहेत, भाकरी नीट खातो, मिलिंदनं आणलेला रेडिओ ऐकतो. बावीस वर्षं कुठे होतास, विचारलं की रेडिओ मोठा करतो.

प्रज्ञानं सगळं तपासलं, ती अशी सोडणारी नाही. तिच्यासोबत काम करणाऱ्या पोरांनी सांगितलं, कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं असेल. पण मग आमचा बुधवारचा फोन? तो तर कारकुनाच्याही आठवणीत आहे. दुसऱ्या कुठल्या संस्थेत आधी नोंद असेल, तिथून आली असेल, असंही पाहिलं. नाही. उलट एक गोष्ट जास्तीची निघाली. प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या पत्त्यावरून, म्हणजे प्रॉक्सीवरून, आणली ते लिहिलेलं असतं. गौतमच्या ओळीपुढचा पत्ता प्रज्ञाच्या यादीत नव्हता. तिनं तो कधी घातलाच नव्हता. तिकडून आता काही विचारलं तर उत्तर येत नाही.

ज्यांना कॉम्प्युटर कळतो त्यांनी जरूर सांगावं. मी अजूनही भूत मानत नाही. पण मग हे काय, तेही मला सांगता येत नाही.

आणि एक. इथंच थांबणार होते, पण सांगायलाच हवं. त्याच मंगळवारच्या फाईलमध्ये, त्याच अनोळखी पत्त्यावरून आलेली आणखी एक ओळ आहे. गेल्या महिन्यात सापडली. दुसरी संस्था, खानदेशातली. स्त्री, वय साठच्या पुढे, नाव सांगत नाही. मुलगी रिसोडला दिली आहे, एवढंच म्हणते.

रिसोड आमच्याच जिल्ह्यातलं, पण तिथं मुली काय थोड्या दिल्या आहेत? कोणाचं दार वाजवू? आणि वाजवलं तर काय सांगू, तुमची आई अजून सापडली नाही, पण सापडणार आहे?

त्या संस्थेत मी रोज सकाळी फोन लावते. तिथल्या बाई आता माझा आवाज ओळखतात. आजही म्हणाल्या, नाही हो आजी, अशी कोणी आलेली नाही.

मी म्हटलं, येईल. एक खाट मोकळी ठेवा.