हिरवा रंग

आमच्या बाबांना शेतीच्या जुन्या इंजिनांचं खूळ. कुठेही लिलाव असो, स्वारी हजर! अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही, पण घराच्या भिंतींना तीस वर्षांत रंग लागला नाही. आईने विषय काढला की म्हणायचे, "कशाला? आहे ते बरंय."

बाबांनी अंथरूण धरलं, तेव्हा इंजिनं लिलावात काढायची ठरली. बरा भाव यावा म्हणून आईने आठवडाभर गंज खरवडून सगळ्यांना हिरवा रंग दिला. शौकिनांनी तोंडं फिरवली. मूळ रंग गेला की त्यांच्या लेखी इंजिन मेलं. शेवटी भंगारवाल्याने ती वजनावर नेली.

"तीस वर्षांची माती केलीस!" बाबा ओरडले.

आईने उरलेला डबा उचलला आणि स्वयंपाकघराची भिंत रंगवायला घेतली.