टेबलाचा वास घेणारे वखारकाका

वखारकाका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की आधी डायनिंग टेबलाचा वास घ्यायचे. नमस्कार वगैरे नंतर. कोट अंगातच, बर्फाचे बूट कसेबसे दारात काढलेले, आणि काका वाकून टेबलाच्या कडेला नाक लावून उभे. मग बोटानं दोनदा टकटक. मग निकाल. आमच्यातल्या एका डॉक्टरांच्या बायकोनं अक्रोडाच्या लाकडाचं टेबल घेतलं म्हणून पार्टी ठेवली होती. काका थेट टेबलाखाली शिरले आणि तिथूनच ओरडले, "वहिनी, हा भुसा आहे हो! वरून अक्रोडाचा फोटो चिकटवलाय!" त्यानंतर वर्षभर त्या घरचं बोलावणं आलं नाही. काकांचं म्हणणं, "खोटं बोलायला पाहिजे होतं का? त्याला डॉक्टर होते की तिथे."

त्यांच्या वडिलांची सांगलीला लाकडाची वखार होती, म्हणून हे नाव. स्वतः काका पश्चिम आफ्रिकेतल्या एका छोट्या देशात जंगलखात्यात बावीस वर्षं होते. काकू तिथेच वारल्या. मग लेकीनं त्यांना न्यू जर्सीला आणलं. आमची तिथल्याच पार्सिपनी गावातली कंपनी निरनिराळ्या सरकारांना काय पिकवावं, काय विकावं याचे सल्ले द्यायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर नेमक्या त्याच देशाचं काम आमच्याकडे आलं, आणि झाडांचा जाणकार म्हणून काकांना आठवड्यातून तीन दिवस बोलावू लागले. मी कंपनीतला अर्थतज्ज्ञ. वय बत्तीस. एका अख्ख्या देशाच्या व्यापाराचं धोरण लिहायला बसलो होतो आणि त्या देशात माझं पाऊलही पडलेलं नव्हतं. हे मी तेव्हा अभिमानानं सांगायचो, फॅक्स मशीनच्या जोरावर.

काकांचं स्वतःचं स्टीलचं ताट होतं. मराठी मंडळाच्या गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये सगळे थर्मोकोलच्या प्लेटी घेऊन रांगेत, आणि काका पिशवीतून ताट काढून. जेवण झालं की बाथरूममध्ये जाऊन धुऊन आणायचे. बायका हसायच्या. एकदा कुणी म्हणालं, "काका, अमेरिकेत आलात, आता तरी फेकायला शिका." काका म्हणाले, "शिकतोय हो. पण फेकायचं कुठे, ते कुणी दाखवतच नाही. तुम्ही 'थ्रो अवे' म्हणता, ते 'अवे' गाव कुठल्या एक्झिटला आहे?"

अहवाल ते शेवटून वाचायचे. कुठलाही अहवाल हातात पडला की उलटा करून शेवटच्या पानापासून सुरुवात. "बावीस वर्षं सरकारी कागद वाचलेत," ते मला म्हणाले होते. "ज्याची लाज वाटते ते साहेब लोक मागे ठेवतात. पुढचं पान म्हणजे लग्नातला फोटो."

तर तो देश. त्याला डॉलर हवे होते आणि कर्ज देणारे म्हणत होते, निर्यात वाढवा. निर्यात करण्यासारखं चटकन हाताला लागणारं एकच होतं, जंगल. पण न कापलेले ओंडके परदेशी विकायला तिथे बंदी होती. ती उठवावी, असं आमच्या अहवालात यावं हे ठरल्यासारखंच होतं. काकांनी विरोध केला. ओंडके नका विकू, फळ्या विका, म्हणजे करवतीचं काम तरी तिथल्या माणसांकडे राहील. आणि तोडण्याआधी लावा. मी त्यांना माझा तक्ता दाखवला. निर्यात वाढत होती, राष्ट्रीय उत्पन्न वाढत होतं. काकांनी चष्मा वर केला.

"गेलेलं जंगल कुठे मांडलंयस?"

"त्याचा रकाना नसतो, काका."

"आमच्या थोरल्यानं वखारीतला सागवान विकून स्कूटर घेतली. आई त्याला कमाई म्हणाली नाही. दिवटा म्हणाली. तुमच्या अख्ख्या युनिव्हर्सिटीला माझ्या आईएवढं कळत नाही का रे?"

मग त्यांनी अकरा पानं लिहून दिली, पेन्सिलीनं, अधूनमधून शिव्यांसकट. मी शिव्या काढून त्याची टाइप केलेली दोन पानं केली. खरं सांगतो, संपूर्ण अहवालात पाय चिखलात घालून आलेली तेवढीच दोन पानं होती. बाकी सगळं मी लायब्ररीत बसून लिहिलं होतं.

आमचा साहेब डग. त्यानं मसुदा चाळला आणि म्हणाला, "मंत्री विमानात वाचणार आहेत. छोटं कर." एवढंच. काय छोटं करायचं, ते त्यानं सांगितलं नाही. पण माझ्या ग्रीन कार्डचे कागद त्याच्या सहीसाठी त्याच्या टेबलावर पडलेले होते, आणि बंदी उठावी ही त्याची इच्छा मला माहीत होती. मी काकांची दोन पानं उचलली आणि सगळ्यात शेवटच्या परिशिष्टात टाकली. पुढच्या सारांशात त्यांचा एक शब्दही ठेवला नाही. हे मी केलं. कुणी माझा हात धरला नव्हता. एवढी वर्षं हे वाक्य मी निरनिराळ्या तऱ्हांनी लिहून पाहिलं, ते याहून चांगलं होत नाही.

छापील प्रत आली. काकांनी सवयीप्रमाणे ती उलटी केली. "वा!" ते म्हणाले. "मला पहिल्याच पानावर बसवलंस की!" मी हसलो. त्यांनी पानं उलटत सारांशापर्यंत यायला अर्धा तास घेतला. मग म्हणाले, "फक्त मंत्री पुढून वाचतात रे."

"डगनं सांगितलं, काका," मी म्हणालो.

काका उठले आणि तडक डगच्या खोलीत गेले. मी टायपिस्टच्या मागे जाऊन उभा राहिलो, जणू तिचं काही चुकतंय. दहा मिनिटांनी काका बाहेर आले. आरडाओरडा नाही, काही नाही. माझ्याजवळ थांबून म्हणाले, "चहा घेणार?" मशीनचा तो भयंकर चहा आम्ही दोघांनी घेतला. त्यांनी स्वतःचा कप धुतला, आणि माझाही.

बंदी उठली. ऑफिसात केक कापला. झाडांचं काम संपलं, म्हणून काकांचंही संपलं.

दोन वर्षांनी मी घर घेतलं. ग्रीन कार्डवाले घेतात तसं, ऐपतीपेक्षा एक खोली जास्त. टेबलही घेतलं, गडद तांबूस. दुकानदार म्हणाला, आफ्रिकन महोगनी. मी जास्त विचारलं नाही. त्याच सुमारास काका कायमचे सांगलीला निघाले, स्कूटरवाल्या भावाकडे. "तो आता ऐंशीचा झालाय, स्कूटरही गेली. भांडायला कुणी तरी पाहिजे त्याला." मी त्यांना जेवायला बोलावलं.

काका आले. बूट काढले. टेबलाजवळ आले, कडेवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. वाकले नाहीत. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. मंडळातल्या घरोघरी काकांची ही कसरत पाहून पाहून तिला पाठ झाली होती. ती म्हणाली, "काका, आर्न्ट यू गॉना स्मेल इट?"

"नको ग बाळ," काका म्हणाले. "ओळखीचं निघालं तर घास उतरायचा नाही."

आणि मग पिशवीतून आपलं ताट काढून अगदी पोटभर जेवले. माझ्या बायकोच्या आमटीची तीनदा तारीफ केली. विमानातल्या प्लॅस्टिकच्या चमच्यांवर बोलले. माझ्याकडे पाहिलं ते नेहमीसारखंच. ते गेल्यावर मी टेबलाला नाक लावलं. मला पॉलिशचा वास आला आणि आमटीचा. मला लाकडाचा वास कधी कळलाच नाही.

ताट ते आमच्या सिंकमध्ये विसरले. पुढे डग कंपनी सोडून गेला, तेव्हा निरोपाच्या जेवणात मला म्हणाला, "तुझे ते अंकल मजेशीर होते. एकदा आत आले आणि विचारलं, ती पानं मागे टाकायला तू सांगितलंस का? मी म्हटलं, मी तर फक्त छोटं कर म्हणालो. तर थँक यू म्हणून निघून गेले."

त्या जेवणावरून आलो आणि काकांना पत्र लिहिलं. ताट कुठे पाठवू, एवढंच विचारायचं होतं, पण चार पानं झाली. उत्तर पोस्टकार्डावर आलं, पेन्सिलीनं. "ताट राहू दे, वापर. भाऊ बरा आहे, मी जिंकतो आहे. तुझं टेबल मात्र बदलू नकोस. तेवढं एक झाड तरी तुझ्या हातून दोनदा पडायला नको." त्या पावसाळ्यात काका गेल्याचं त्यांच्या लेकीनं फोनवर कळवलं.

टेबल अजून आहे. बायकोला काचेचं हवंय. मुलगी आता कॉलेजात, सुट्टीत आली की म्हणते, "बाबा, इट्स सो एटीज." गेल्या रविवारी त्याचा एक पाय हलायला लागला, म्हणून मी हातोडी घेऊन खाली शिरलो होतो. सांधा कुठे सुटलाय ते कळावं म्हणून बोटानं टकटक करत होतो. वर मुलगी फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "होल्ड ऑन. माय डॅड इज अंडर द टेबल अगेन."